खांद्यावरचा टॉवेल

"पोतं कुठाय? पोत्याला बोलवा."

मैदानाच्या त्या टोकावरून कोचची हाक आली की मी पळत जायचो. पोतं म्हणजे मी.

मैदानाच्या मालकांचा मुलगा रोहित पाय फाकवून तयार उभा असायचा. आधी बॅगेतून पांढरा टॉवेल काढायचा. झटकायचा. दोन्ही खांद्यांवर पसरायचा, मानेचा भाग झाकला गेलाय का ते बोटांनी चाचपून बघायचा. मग खाली बसायचा. मी त्याच्या खांद्यावर चढायचो, पाय पुढे सोडून. तो मला घेऊन उठायचा, बसायचा, पुन्हा उठायचा. त्याच्या मांड्या थरथरायला लागल्या की कोच म्हणायचे, "शाबास. अजून." शाबासकी त्याची. त्याचं झालं की पुढचा मुलगा. मुलगा बदलायचा, टॉवेल बदलायचा, पोतं तेच.

पहिल्या दिवशी टॉवेल नव्हता. रोहितने मला उचललं आणि उभा राहायच्या आतच खाली टाकलं.

"सर, ह्याला मेंढराचा वास येतो."

सगळी पोरं हसली. कोचही हसले. म्हणाले, "मग टॉवेल टाक ना खांद्यावर. आपल्याला वजनाशी काम."

मीही हसलो. तेरा वर्षांचा होतो. सगळे हसत असताना एकट्याने न हसणं जमत नाही त्या वयात. घरी गेल्यावर सदरा काढून नाकाशी धरला. मला कसलाच वास आला नाही. आमच्या घराचा जो वास तोच होता.

भालकीच्या बाहेर एका बड्या ऊस-बागायतदाराने स्वतःच्या जमिनीत फुटबॉलचं मैदान तयार केलं होतं. कुंपण, फाटक, हिरवं गवत, कडेला पत्र्याची खोली. बाहेरून कोच आणून ठेवला होता. फी भरणारी पोरं मोटारसायकलवर बापाच्या मागे बसून यायची. आमच्या शाळेच्या सामन्यात मला पळताना कोचनी बघितलं आणि बोलावून घेतलं. म्हणाले, फी नको. मी फुकटातला. फुकटातला मी एकटाच नव्हतो, अजून एकदोन पोरं आली होती, पण ती टिकली नाहीत. मी टिकलो. मला फुटबॉल फार आवडायचा.

आम्ही धनगर. आजोबांचा कळप मोठा होता म्हणतात. माझ्या आठवणीत दारात थोडीच मेंढरं होती आणि अप्पा वर्षातले बरेच महिने दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जायचे. उन्हाळ्यात मात्र कळप घेऊन मांजरेच्या काठाने फिरायचे, लोकांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायचे. मीही सुट्टीत मागे असायचो. वाट चुकलेल्या मेंढराला वळवायला पळायचं, लंगड्या मेंढराला खांद्यावर घ्यायचं, ओढ्यातून कोकरं पलीकडे न्यायची. माझं पळणं तिथलं. डाव्या बाजूने चेंडू घेऊन निघालो की मला कुणी गाठू शकत नसे, हे कोचलाही ठाऊक होतं. सामना असला की मी खेळाडू. सराव असला की मी पोतं.

कोच शिकवायचे चांगलं. हे कबूल केलं पाहिजे. पोरांना गोल करून बसवायचे आणि समजावून सांगायचे. वाढत्या वयात लोखंड उचलायचं नाही. आपल्या अंगाचं वजन घ्यायचं, नाहीतर जोडीदाराचं. आधी अंग गरम करायचं, मग ताकदीचा व्यायाम, आणि शेवटी ताण द्यायचा. एकेक स्नायू हळूहळू लांब करायचा, श्वास सोडत. "नुसती ताकद वाढवाल तर स्नायू आखडतील. नुसतं स्ट्रेचिंग कराल तर पळताना जोर येणार नाही. दोन्ही एकत्र. एक दिवसही एकावाचून दुसरं नाही," असं ते रोज म्हणायचे. मी ते रोज ऐकायचो. कुणाच्या तरी खांद्यावर बसून.

जोडीदाराचं वजन म्हणजे त्यात पाळी असते. आधी मी तुला उचलतो, मग तू मला उचल. पत्र्याच्या खोलीच्या भिंतीवर चित्रं लावली होती, त्यातही तसंच होतं. माझी पाळी कधी आली नाही. मी रोहितला उचललं असतं. लीलया उचललं असतं, मी मोठी मेंढी उचलायचो. पण त्याने माझ्या खांद्यावर बसायचं म्हणजे काय. ते कुणाच्या डोक्यातच आलं नाही. सुरुवातीला माझ्याही नाही.

व्यायाम झाला की पोरं चटया पसरून आडवी व्हायची. कोच एकेकाचा पाय हातात घेऊन वर न्यायचे, टाच धरून हळू ताणायचे, विचारायचे, "मागे ओढतंय का? कुठे ओढतंय?" त्या वेळी मी मैदानातले प्लास्टिकचे शंकू गोळा करत असे.

एकदा मी शंकू ठेवून चटईच्या कडेला बसलो. रिकामी होती चटई. कोच आले. रागावले नाहीत. उलट पाठीवर थाप मारली.

"तुला कशाला रे हे? तुम्ही लोक जन्मापासून राबता. तुमची बॉडी नॅचरल असते. ह्यांची पिझ्झा खाऊन झालेली बॉडी, ह्यांना लागतं सगळं. तू शंकू उचल."

मी उठलो. आणि खरं सांगतो, छाती फुगवून उठलो. मला वाटलं, माझं कौतुक झालं. संध्याकाळी घरी गेल्या गेल्या अप्पांना सांगितलं. अप्पा भाकरी मोडत होते. हात थांबला त्यांचा.

"असं म्हनले सर?"

"व्हय."

"बग," अप्पा मायकडे वळून म्हणाले, "आपलं अंग देवानंच घडवून दिलंय म्हन की."

माय हसली. अप्पा त्या रात्री दोन घास जास्त जेवले असतील. आमच्या घराला असं कुणी काही चांगलं म्हणत नसे. आम्हाला खाली ठेवायची जी रीत होती, तिलाच आम्ही मान समजलो. 

आमच्याकडे दिवसभर चालून आलेल्या माणसाचे पाय तुडवायची रीत आहे. मेंढरांमागे फिरून अप्पा आले की घोंगडं अंथरून पालथे पडायचे. मी अगदी लहान असल्यापासून त्यांच्या पायांवर उभा राहायचो. घोट्यापासून सुरुवात करून पोटऱ्या, मांड्या, कंबर. छताचा वासा धरायचा म्हणजे वजन कमीजास्त करता येतं. अप्पा खालून सांगायचे, "हितं... हां, हितं... टाच दे." मग हळूहळू त्यांचा आवाज बंद व्हायचा. झोप लागायची. मी मोठा झाल्यावर माझं वजन त्यांना जास्त व्हायला लागलं, तेव्हा एका पायाने तुडवायचो. दुखणं अंगातून तुडवून काढायचं, एवढंच औषध आमच्या घराला ठाऊक होतं. आणि ते लागू पडायचं.

दुसऱ्या वर्षी क्रीडा वसतिगृहाच्या निवडीचा सामना ठरला. निवड झाली की राहणं, खाणं, शिक्षण, खेळ, सगळं तिकडेच. मला दुसरं काही नको होतं. अप्पांनाही नको होतं. ते माझ्याआधी उठायचे आणि मला उठवायचे. म्हणायचे, "तू जा पळायला. मेंढरांचं मी बगतो."

मी पळत होतो, घरी मिळेल ते वजन उचलत होतो, रविवारी मजुरीला जात होतो. मांडीच्या मागची शीर दोरखंडासारखी कडक लागायची हाताला. खाली वाकलं तर बोटं गुडघ्याच्या खाली जात नव्हती. मी म्हणायचो, ताकद आली.

सामन्याच्या दिवशी अप्पा कुंपणाबाहेर उभे होते. आत या म्हटलं तर आले नाहीत. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका. निवड करणारे लोक खुर्च्यांवर बसले होते. सुरुवातीलाच मला डावीकडून चेंडू मिळाला. पुढे कुणी नव्हतं. मी सुटलो. कुंपणाबाहेरून अप्पांचा आवाज आला, मेंढरं वळवताना जशी आरोळी देतात तशी. आणि मांडीच्या मागे काहीतरी तुटलं. फट्कन. मला वाटलं कुणी दगड मारला. मागे वळून बघितलं आणि पडलो.

कोच आले. मांडीला हात लावला नाही. वरूनच म्हणाले, "शीर धरली असेल. जा घरी. चालत राहा, सैल होईल." आणि बदली खेळाडूला हाक मारली.

त्याच्या दोनेक महिने आधी रोहितची मांडी अशीच धरली होती. थोडीशीच. त्या दिवशी बाजारातून बर्फ मीच आणला होता, पळत. कोच त्याला गाडीत घालून घरी घेऊन गेले होते. घरच्यांशी काय बोलले, मला कसं कळणार. बर्फाचं मला एवढंच वाटलं की मोठ्या घरचे लाड असतात. सरबतात घालतात तसं पायालाही लावत असतील. आपल्याला बर्फ लागतो असं मनातसुद्धा आलं नाही.

अप्पांनी मला सायकलवर बसवून घरी आणलं. मांडी सुजली होती. काळीनिळी पडली होती मागून. मायने एरंडाची पानं गरम करून बांधली. अप्पांनी घोंगडं अंथरलं.

"पालथा पड," म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पायांवर अप्पा उभे राहणार होते. माझे पाय त्यांनी कधी तुडवले नव्हते, ते काम लेकरांचं. अप्पांनी पाय धुतले. टाचांच्या भेगा मला टोचू नयेत म्हणून तेल लावलं. वासा घट्ट धरला, आणि जेवढं वजन वर तोलता येईल तेवढं तोलून माझ्या मांडीवर पाय ठेवला.

मी घोंगडं दातात धरलं.

"लई दुखायलंय का रं?"

"न्हाई."

"दुखणारच की. बसलेलं रगत सुटतंय. उद्या बग, पळायलास."

मी ओरडलो असतो तर ते थांबले असते. पण ते किती जपून पाय ठेवत होते ते मला कळत होतं.  दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी परत. बरेच दिवस. मजुरीवरून थकून आले तरी आधी पाय धुवायचे आणि मला हाक मारायचे. स्वतःचे पाय तुडवून घ्यायचं त्यांनी बंद केलं होतं, मी आजारी म्हणून.

सूज उतरली, पण आत गाठ राहिली. दगडासारखी. पाय सरळ होईना. चालताना टाच टेकेना. शेवटी एक कोकरू विकून अप्पा मला उदगीरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले.

डॉक्टरांनी बराच वेळ बोटांनी गाठ चाचपली. फोटो काढला. मग विचारलं, "ह्याला चोळलं होतं का?"

"तुडवलो," अप्पा म्हणाले. "रोज. मीच तुडवलो, साहेब." आवाजात थोडा अभिमान होता. काळजी घेतली, असं सांगायचं होतं त्यांना.

 डॉक्टर माणूस चांगला होता. हळू आवाजात सांगितलं. स्नायू फाटला होता. फाटलेल्या स्नायूला पहिले काही दिवस बर्फ लावायचा, बांधून ठेवायचं, हात लावायचा नाही. तुडवल्यामुळे आत पुन्हा पुन्हा रक्त सुटलं आणि ते आता हाडासारखं घट्ट झालंय. चालता येईल. पळता येईल की नाही, सांगता येत नाही. पहिल्यासारखं नाही.

"तुमचे कोच होते ना तिथे? त्यांनी सांगितलं नाही, चोळू नका म्हणून?"

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नाही म्हणून. अप्पा खाली बघायला लागले. स्वतःच्या पायांकडे. चपला बाहेर काढून ठेवल्या होत्या, पाय उघडे होते. त्यांनी एक पाय दुसऱ्या पायामागे घेतला, लपवावा तसा.

 परतीच्या बसमधून भालकीला उतरल्यावर अप्पा म्हणाले, "सरकडं जाऊ. पाया पडतो मी. काही उपाय असंल तर करतील. त्यानला कळतंय."

मला जायचं नव्हतं. पण अप्पांना नाही म्हणता आलं नाही. त्यांना एक आशा राहिली होती, तेवढीच.

संध्याकाळची वेळ. सराव चालू होता. पोरांचे आईबाप कडेला खुर्च्या टाकून बसले होते. अप्पांनी फाटकाच्या आत पहिल्यांदा पाऊल टाकलं, चपला हातात घेऊन. गवतावर चपला चालत नसतील असं त्यांना वाटलं. कोचपुढे जाऊन हात जोडले आणि सगळं सांगितलं. तुडवल्याचंही सांगितलं.

कोच मोठ्याने म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "तुडवलंत? अहो, मेंढराचा पाय मोडला तर बांबूची पट्टी बांधता तुम्ही. पोराला टाच दिलीत?"

खुर्च्यांवरचे लोक हसले. एक बाई "अरेरे" म्हणाली आणि तीही हसली.

"चुकलं, सर," अप्पा म्हणाले. पटका काढून हातात घेतला. "अडानी मानूस. चुकलं."

बाप उघड्या डोक्याने उभा होता. केस पांढरे झालेत हे मला त्या दिवशी दिसलं.

तेव्हा रोहित बोलला. मुद्दाम नाही, सहज बोलून गेला. "सर, मला तर तुम्ही कुणाला हातच लावू दिला नव्हता. माझ्या मम्मीला पण नाही."

कोचनी त्याच्याकडे नुसतं बघितलं.  कुणी हसलं नाही आता. मी सगळं ऐकलं आणि मला ते कळलं. फाटलेल्या मांडीचं काय करायचं, हे त्या माणसाला ठाऊक होतं. एका घरी जाऊन त्याने ते सांगितलं होतं. मला सांगायला एक वाक्य लागलं असतं. चोळू नका. दोन शब्द. ते दोन शब्द माझ्यावर खर्च करावेत असं त्याला वाटलं नाही.

कोच विषय बदलायला म्हणाले, "बरं, जाऊ दे. पोराला येऊ द्या रोज. पळता येत नसलं म्हणून काय झालं, पोत्याला पाय लागत नाहीत. जेवणाचा डबा देऊ त्याला. रोहित, घे, तुझा सेट राहिलाय."

रोहितने सवयीने बॅगेतून टॉवेल काढला. झटकला. खांद्यावर पसरला. माझ्यासमोर खाली बसला.

अप्पा बघत होते. त्यांनी हे कधी बघितलं नव्हतं. मी घरी सांगितलंच नव्हतं.

"टावेल कामून टाकायलाव, धाकले मालक?" अप्पांनी विचारलं. अगदी साधेपणाने विचारलं. उन्हाचा टाकतात की काय, असं.

रोहित तसाच बसून राहिला. कोच शिटीशी चाळा करायला लागले.  टॉवेल टाकायला लाज वाटत नव्हती, सांगायला वाटत होती.

मग मीच सांगितलं.

"आपला वास येतोय म्हनून, अप्पा. मेंढरांचा."

आयुष्यात इतक्या मोठ्याने मी कधी बोललो नव्हतो.  पण सांगून झाल्यावर पायातली भीती गेली. मी रोहितच्या खांद्यावरचा टॉवेल उचलला. चुरगाळला नाही, फेकला नाही. घडी घालून कोचच्या हातात दिला.

"सर, पोतं दुसरं बघा. मी वर बसून सगळं ऐकलो. दोन्ही एकत्र म्हनून रोज सांगत होताव. मला एक बी शिकिवलं न्हाई. आन् माज्या बापाला अडानी म्हनून हसायलाव."

कोच म्हणाले, "फुकटात ठेवलं, त्याची ही जाण."

 मी अप्पांच्या हातातला पटका घेतला आणि त्यांच्या डोक्यावर ठेवला. मला बांधता येत नव्हता नीट. वाकडाच बसला.

फाटकाबाहेर आलो. अप्पांनी चपला घातल्या आणि रस्त्यातच खाली बसले, माझ्याकडे पाठ करून.

"बस खांद्यावर. गाव लांब हाय. तसल्या पायानं चालू नगंस."

लंगड्या मेंढराला ते तसंच घ्यायचे. त्यांच्या खांद्यावर टॉवेल नव्हता, कधीच नसता. मला रडू फुटलं.

"न्हाई अप्पा. मी चालतो."

मी चाललो. अप्पा मागून येत राहिले. ते रडत होते हे मला पाठीमागून ऐकू येत होतं. मी वळून बघितलं नाही, कारण वळलो असतो तर ते थांबले असते.

त्यानंतर अप्पांनी कुणालाही पाय तुडवू दिले नाहीत. मी कितीदा म्हटलं. मेंढरांमागून आले की भिंतीला टेकून बसायचे आणि पोटऱ्या स्वतःच हाताने दाबायचे. पुढे माझी पोरगी चालायला लागली, ती खेळता खेळता त्यांच्या पायावर चढायला गेली, तर तिला उचलून बाजूला ठेवलं. म्हणाले, "नगं बाई. हे पाय चांगले न्हाईत." मी समजावलं. डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं, कोचचं सांगितलं, रोहित काय बोलला त्याची आठवण करून दिली. ऐकून घ्यायचे. मान हलवायचे. आणि म्हणायचे, "तुडवलो तर मीच की."

मागच्या साली अप्पा गेले. शेवटची अंघोळ घालताना पाय मी धुतले. टाचांच्या भेगांत माती होती, ती निघेना. मांजरेच्या काठाची असेल, रानारानातली असेल. मी त्यांच्या पायांना सांगितलं, तुमचा दोष नाही. जिवंत असताना ऐकलं नाही, मेल्यावर काय ऐकणार. पण सांगितलं.

मी दिवसा ऑटो चालवतो, भालकी ते गाव. पाय अजून पूर्ण सरळ होत नाही. थंडीत गाठ ठणकते. संध्याकाळी गावाबाहेरच्या पडीक रानात पोरं-पोरी जमतात, त्यांना फुटबॉल शिकवतो. गोलाचे खांब बांबूचे. चटया नाहीत, खताची रिकामी पोती आणि जुनी घोंगडी अंथरतो. ऐकलेलं सगळं डोक्यात पक्कं होतं. कमी पडलं ते उदगीरच्या डॉक्टरांना विचारून घेतलं. आधी अंग गरम. मग जोडीदाराला उचलायचं. मग ताण, श्वास सोडत. दोन्ही, प्रत्येकाला. आणि पाळी कुणाचीही चुकत नाही. ज्याने उचललं त्याला उचललं जातं, मग ते कुणाचंही पोर असो. खांद्यावर काही टाकायचं नाही.

नवीन पोर आलं की त्याच्या आईबापाला बोलावतो. मुका मार लागला, शीर धरली, तर तुडवायचं नाही, चोळायचं नाही, मला हाक मारायची. ते ऐकतात आणि त्यांना वाटतं, एवढं काय त्यात. मी पुन्हा सांगतो.

परवा रोहित आला होता. मैदान आता तो चालवतो. गाडी बांधावर उभी करून पोरांचा खेळ बघत राहिला. वाईट माणूस नाही. पायाची चौकशी केली, अप्पा गेल्याचं ऐकून हळहळला. मग म्हणाला, "तुझी ती दोघं फार जोरात पळतात. दे माझ्याकडे. फी घेत नाही मी."

मी विचारलं, "चटई देशील? तुझ्या पोरांबरोबर बसवून ताण शिकवशील?"

तो हसला. प्रेमाने हसला.

"अरे, तुमच्या पोरांना काय गरज त्याची? ती नॅचरल असतात."

त्याला आठवतही नव्हतं, हे वाक्य कुणाचं. इतकं ते त्याच्या अंगात मुरलं होतं. मला मात्र अप्पांचा भाकरी मोडता मोडता थांबलेला हात आठवला.

मी म्हटलं, "न्हाई देत. खेळायचं असंल तर टीम घेऊन ये हितं. समोरासमोर खेळू."

तो काहीतरी बोलत राहिला. मी पोरांकडे गेलो. ती दोघं घोंगड्यावर होती, एक आडवा पडला होता, दुसरा त्याची टाच धरून हळू वर नेत होता आणि विचारत होता, कुठं ओढायलंय, हितं का.

माझ्या बापाच्या पायांनी माझा पाय मोडला नाही. ज्याला ठाऊक होतं आणि ज्याने सांगितलं नाही, त्याने मोडला. अप्पा हे न मानता गेले. मी नुसतं मानून बसणार नाही, त्या लोकांना मानायला लावणार. त्या फाटकापुढे उभा राहून सांगणार, खुर्च्यांवर बसलेल्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगणार. आणि माझ्या रानातलं एकही पोर कुणाच्या टॉवेलवर बसणार नाही.